वाढ

रिपोर्टात शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: वाढ नाही.
डॉक्टरांनी पेनानं खाली रेघ ओढली,
म्हणाले, आता तीन महिन्यांनी या.
नाशिकहून निघालो तसा डिगंबर
दर स्टेशनाला ती ओळ काढून वाचत होता.
पाचोऱ्यानंतर झोपला.
मी जागी.

कुणाला सांगू,
उपचार चालू होते तेव्हा मी कमी भ्यायचे.
एकवीस दिवसांचा हिशोब होता, सुई होती,
माझी शीर नेमकी कुठं लपते
हे ठाऊक असलेली सिस्टर रोझलीन होती.
आता कुणीच काही करत नाही.
सगळे म्हणतात, सुटलीस बाई.
दावं सोडलं तरी गाय खुंट्याभोवतीच फिरते,
तशी सुटले.

फैजपुरात घरी आले तर पुन्हा तोच शब्द.
सासूबाई पाटावर: वाढ व, भाकर वाढ.
आईनं नवस बोलला होता, तो नारळ वाढवला.
आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी
डाव्या हातातली बांगडी वाढली होती,
फुटली म्हणू नये म्हणून वाढली.
फुटण्यालाही आपण वाढणंच म्हणतो,
आणि तिकडं वाढ नाही म्हणून पेढे वाटतो.
यातली कुठली कुठली, रात्री मला कळेनासं होतं.

रात्री म्हणजे तीनला.
कूलरमधलं पाणी संपून कोरडा पंखा घरघरतो
आणि उजवा हात आपला आपण निघतो
डाव्या काखेकडं.
चाचपतो, थांबतो, परत चाचपतो,
अंधारात चावी शोधणाऱ्या माणसासारखा,
फक्त चावी सापडू नये म्हणून.

केळीत पिलं कापायला गेले एकदा.
बुंध्याशी कोंब. कापला की आठ दिवसांत परत वर.
लीलाधर म्हणाला, एक राहू द्या वहिनी,
मुळाशी आहेच ते, येणारच.
तो पिलबागेचं बोलत होता.
मी विळा टाकून बांधावर जाऊन बसले.

मग थंडी. तिसरा रिपोर्ट, तीच ओळ.
चंपाषष्ठी झाली, वांगी मोकळी झाली,
मळ्यात भरीत ठरलं.
बामणोदची वांगी, हिरवी, हाताएवढी,
कापसाच्या काड्यांवर काळी ठिक्कर भाजलेली.
सोलायला बसलो सगळ्या जावा.
त्या फुंकर घालतात, बोटं झटकतात,
मी सरळ सोलते.
औषधानं माझ्या बोटांची टोकं बधिर झालीत,
गरम की गार, काही सांगत नाहीत.
"काय व माय, हिचा हात तं पाहा,"
कुसुमवहिनी ओरडली,
"शेंगा सोलल्यासारखी सोलते!"
सगळ्या हसल्या. मीही.
पंधरा वांगी सोलून बडगीत टाकली.
मुसळी डिगंबरनं चालवली,
या हाताला जोर देऊ नका म्हणालेत.

केळीच्या पानांवर पंगत बसली.
सासूबाई म्हणाल्या, वाढ.
मी वाढलं, कळण्याची भाकर, कांद्याची पात,
थेट विहिरीजवळच्या शेवटच्या पोरापर्यंत.
मग माझ्या पानावर कुणीतरी वाढलं
आणि तिखट लागलं.
दीड वर्ष सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागायचं,
त्या दिवशी नाकातून पाणी आलं.
म्हटलं, अजून वाढा.

सकाळी उजव्या तर्जनीवर गाठ.
छातीत धस्स झालं, पुढची तारीख आठवली,
दिवे लावून, चष्मा घालून पाहिलं तर
फोड. टपोरा, पाण्याचा.
हा कुठून आला ते मला माहीत होतं.
अंगावरचं हे पहिलंच काहीतरी
ज्याला तपासणी नको.
तूप लावलं, चिंधी बांधली.

रात्री तीनला हात निघालाच,
पण चिंधीमुळं त्याला नीट चाचपता येईना.
थोडा वेळ तसाच घुटमळला.
मग तो गालाखाली घेतला.
चिंधीला तुपाचा वास होता,
आणि थोडा धुराचा.